दावा नेमका कुठे थांबतो? लष्करातून निवृत्त झालेल्या नागपूरच्या एका हवालदाराच्या डिसॅबिलिटी पेन्शनचं प्रकरण

डिसॅबिलिटी पेन्शनचा, म्हणजे फौजेतल्या सेवेमुळे झालेल्या किंवा वाढलेल्या आजारासाठी वा इजेसाठी मिळणाऱ्या जादा पेन्शनचा, दावा रखडला की लोक म्हणतात, सरकारी काम आहे, वेळ लागणारच. या प्रकरणात निवृत्तीपासून पैसे खात्यात पडेपर्यंत चार वर्षांहून जास्त काळ गेला. तो काळ आम्ही टप्प्याटप्प्यानं मांडून पाहिला, तेव्हा प्रत्यक्ष निर्णयासाठी लागलेला वेळ त्यातला एक भागच निघाला. बाकीचा वेळ पत्र चुकीच्या पत्त्यावर पडून राहण्यात, अर्ज भलत्याच दारात फिरण्यात आणि कोणती मुदत चालू आहे हे कुणालाच माहीत नसण्यात गेला. यातलं बरंच टाळता येतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

नागपुरात माजी सैनिकांना कागदपत्रांसाठी मदत करणाऱ्या एका लहान गटात मी काम करतो. गटात लष्करात क्लार्क म्हणून नोकरी केलेले एक निवृत्त सुभेदार आहेत, आणि गरज पडेल तेव्हा सल्ला देणाऱ्या एक वकील ताई. ज्यांचं हे प्रकरण आहे, त्यांच्या संमतीनं त्यांचं नाव, युनिट आणि नेमकी वर्षं गाळली आहेत.

पार्श्वभूमी

हवालदार साहेब मूळचे काटोल तालुक्यातले. चोवीस वर्षांची नोकरी पुरी करून ते परतले आणि मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात वाडीला भाड्यानं राहू लागले. वाडी, दत्तवाडी, हिंगणा रोड आणि पलीकडे कामठी या पट्ट्यात माजी सैनिकांची घरं भरपूर आहेत. निवृत्तीनंतर बहुतेक जण मिहान, बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत सुरक्षा रक्षकाची नोकरी धरतात. यांनीही तेच केलं. खरं तर त्यांना डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या दलात, पुन्हा भरती व्हायचं होतं. पण तिथे मेडिकल कॅटेगरी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, लागते आणि रक्तदाबामुळे यांची कॅटेगरी नोकरीतच खाली आलेली होती. त्यामुळे तो रस्ता बंद झाला.

मेडिकल कॅटेगरी खाली आलेल्या जवानाचं निवृत्तीच्या काही महिने आधी रिलीज मेडिकल बोर्ड होतं. बोर्ड दोन गोष्टी ठरवतं. आजार किंवा इजा किती टक्के आहे, हे पहिलं. आणि ती सैनिकी सेवेमुळे झाली का किंवा सेवेमुळे वाढली का, हे दुसरं. दिव्यांगत्व २० टक्के किंवा त्याहून जास्त असेल आणि सेवेशी संबंध मान्य झाला असेल, तर नेहमीच्या पेन्शनवर डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे दिव्यांगत्वाची जादा रक्कम, मिळतो. संबंध नाकारला गेला तर टक्के कितीही असोत, काहीच मिळत नाही. फौजेत याला ‘नाना’ म्हणतात: सेवेमुळे झालेलं नाही आणि सेवेमुळे वाढलेलंही नाही.

हवालदार साहेबांच्या बोर्डानं रक्तदाबासाठी आयुष्यभरासाठी ३० टक्के लिहिले, गुडघ्याच्या जुन्या इजेला २० च्या खालचे टक्के दिले, आणि रक्तदाबापुढे ‘नाना’ लिहिलं.

अडचण

ते आमच्याकडे आले तेव्हा निवृत्तीला दीड वर्ष उलटून गेलं होतं. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात डिस्चार्ज बुक, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) झेरॉक्स, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) औषधांच्या चिठ्ठ्या, आणि वेगवेगळ्या कार्यालयांना पाठवलेल्या अर्जांच्या प्रती. त्यांचं म्हणणं साधं होतं. “मी अर्जावर अर्ज करून राहिलो, अन् सगळे एकच सांगून राहिले, की तुमचा अर्ज पुढं पाठवला. पुढं म्हणजे कुठं, हे कोनीच सांगत नाही.”

पिशवीत एक कागद नव्हता. दावा नाकारल्याचं पत्र. ते निघाल्याचंच त्यांना माहीत नव्हतं. सुभेदार साहेबांनी विचारलं, “गावच्या घरी कोण असतं?” मोठे भाऊ असतात, म्हणाले. पुढच्या खेपेला ते भावाकडून एक पाकीट घेऊन आले. संत्र्याच्या बागेच्या पावत्यांबरोबर भावानं ते जपून ठेवलं होतं. पत्र इंग्रजीत होतं, शिक्का फौजेचा होता. भावाला वाटलं, पेन्शनचाच काही कागद असेल, धाकटा दिवाळीला आला की देऊ. दिवाळी आली, गेली, गोष्ट विसरली.

त्या पत्रात दोन वाक्यं महत्त्वाची होती. दिव्यांगत्व सेवेशी संबंधित नसल्यानं दावा नामंजूर. आणि या निर्णयावर सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करता येईल. ते सहा महिने केव्हाच संपले होते.

म्हणजे दीड वर्ष हवालदार साहेब ‘दावा प्रलंबित आहे’ असं धरून चालले होते, आणि कागदोपत्री दावा निकाली निघालेला होता. त्यांचे सगळे अर्ज ‘माझ्या दाव्याचा निर्णय करावा’ अशा मजकुराचे. ज्याचा निर्णय झालाच आहे त्याचा पुन्हा निर्णय कोण करणार? म्हणून प्रत्येक कार्यालय अर्ज पुढे सरकवत होतं, आणि फिरून तो त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसातच, म्हणजे जवानांच्या सेवेच्या नोंदी जिथे असतात तिथेच, पोहोचत होता.

वेळ कसा मोजला

सुभेदार साहेबांची एक सवय आहे. कुठलंही प्रकरण आलं की आधी ते एका कोऱ्या कागदावर तारखा लिहितात. भरती, प्रत्येक पोस्टिंग, आजार पहिल्यांदा नोंदला गेला तो दिवस, बोर्ड, निवृत्ती, नकाराचं पत्र. या कागदानं पुढची दिशा ठरली, कारण त्यातून तीन वेगवेगळ्या मुदती दिसल्या.

पहिली मुदत सहा महिन्यांच्या अपिलाची. ती हुकली होती, पण उशिराचं कारण देऊन अपील पाठवता येत होतं. दुसरी मुदत सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या, म्हणजे फौजेतल्या माणसांच्या सेवेच्या आणि पेन्शनच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायालयाच्या, २००७ च्या कायद्यातली. त्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे न्यायाधिकरणात जाण्याआधी खात्यातले उपाय करून पाहावे लागतात, पण अपील किंवा निवेदन दिल्यावर सहा महिने अंतिम आदेश झाला नाही, तर उपाय करून झाले असं धरलं जातं. तिसरी मुदत पैशांची होती, आणि हिचं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात म्हटलं, की पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय आहे, त्यामुळे उशिरा आलेल्या माणसालाही दाद मागता येते. थकबाकी मात्र साधारणपणे अर्ज दाखल होण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

हवालदार साहेबांच्या बाबतीत याचा अर्थ असा होता. निवृत्तीपासून तीन वर्षांच्या आत न्यायाधिकरणात अर्ज पडला तर एका महिन्याचंही नुकसान नाही. त्यानंतर जितके महिने जातील, तितक्या महिन्यांचे पैसे गेले. दीड वर्ष संपलं होतं, दीड उरलं होतं. पुढचा प्रत्येक निर्णय आम्ही याच हिशोबावर तोलला.

समोर असलेले पर्याय

तक्रार निवारणाच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची, हा पहिला सल्ला सगळेच देतात. ती टाकायला हरकत नाही; अर्ज कुठे आहे हे त्यातून कळतं. पण मेडिकल बोर्डाचं मत बदलण्याचा अधिकार त्या व्यवस्थेला नाही. पेन्शन अदालतीचंही तसंच. मंजूर पेन्शन कमी पडते, फरक मिळाला नाही, नोंद चुकली, अशा कामांना ती उपयोगी पडते. इथे मंजुरीच नव्हती. या दोन्हींत आणखी चार-सहा महिने गेले असते.

पुन्हा मेडिकल बोर्ड मागावं, असंही एका ओळखीच्यानं सुचवलं होतं. पुनर्तपासणीत टक्के बदलू शकतात. यांचा वाद टक्क्यांचा नव्हता, सेवेशी असलेल्या संबंधाचा होता.

एक एजंटही होता. तो मिहानच्या गेटवर भेटला होता, आणि सगळं करून देतो म्हणून थकबाकीत वाटा मागत होता. आगाऊ काही नको म्हणायचा, म्हणून हवालदार साहेबांना ते सोयीचं वाटत होतं. त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी, मात्र ठाम नकार दिला. “चोवीस वर्षं यांनी काढली, वाटा त्याला काहून द्यायचा?” वहिनींचं बरोबर होतं. थकबाकीच्या वाट्यावर काम करणाऱ्याला प्रकरण लांबलं तर तोटा नसतो, थकबाकी वाढतच असते.

मग उरले दोन मार्ग: आधी अपील, नाहीतर थेट न्यायाधिकरण. थेट गेलो असतो तर ‘खात्यातले उपाय केले नाहीत’ हा आक्षेप पहिल्याच दिवशी आला असता. म्हणून आधी अपील करायचं आणि सहा महिन्यांत उत्तर नाही आलं तर न्यायाधिकरण, असं ठरलं.

बोर्डाचा कागद

अपिलात लिहायचं काय, हा प्रश्न होता. नकाराच्या पत्रात एका ओळीचं कारण होतं. खरं कारण मेडिकल बोर्डाच्या कागदपत्रांत असतं आणि ते हवालदार साहेबांकडे नव्हते. सह्या केल्याचं आठवत होतं, प्रत घेतल्याचं नाही.

इथे गटात मतभेद झाले. वकील ताईंचं म्हणणं, छोटं अपील आजच टाका, सहा महिन्यांची मोजणी सुरू होऊ दे, बोर्डाचे कागद आले की पुरवणी द्या. सुभेदार साहेब म्हणाले, अर्धवट अपील गेलं आणि तसंच फेटाळलं गेलं तर पुढे तोच कागद आपल्याविरुद्ध दाखवला जाईल. शेवटी थांबायचं ठरलं.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओतून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि अर्जात मोजकी मागणी: रिलीज मेडिकल बोर्डाची सर्व पानं, तज्ज्ञ डॉक्टरांचं मत, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, आणि पोस्टिंगची नोंद. ३० दिवसांत उत्तर आलं, पण बोर्डाची निम्मीच पानं आली. नेमकं मत लिहिलेलं पान त्यात नव्हतं. मग माहिती अधिकारातलं अपील, त्यानंतर पूर्ण संच. या कामात तीनेक महिने गेले.

पूर्ण संच आला त्या दिवशी आम्ही तो टेबलावर पसरला. बोर्डाच्या फॉर्मच्या पहिल्या भागात एक तक्ता असतो. त्यात जवानाची प्रत्येक पोस्टिंग तारखांसह लिहितात आणि शेवटच्या रकान्यात एक अक्षर असतं: ‘पी’ म्हणजे पीस, शांततेचं ठिकाण; ‘एफ’ म्हणजे फिल्ड, सीमेवरचा किंवा कारवाईचा भाग. हवालदार साहेबांच्या तक्त्यात एका ओळीत राष्ट्रीय रायफल्स (बंडखोरीविरोधी कारवाई करणारं दल), जम्मू-काश्मीर, ‘एफ’. त्याच्या लगेच खालच्या ओळीत दक्षिणेतलं एक स्टेशन, ‘पी’. काही पानं पुढे आजार कधी सुरू झाला त्याची तारीख होती. ती त्या पीस स्टेशनला रुजू झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आतली होती. आणि मताच्या पानावर बोर्डानं कारण लिहिलं होतं: आजार पीस स्टेशनमध्ये सुरू झाला, फिल्डमधल्या किंवा बंडखोरीविरोधी कारवाईतल्या सेवेशी त्याचा काळाच्या दृष्टीनं जवळचा संबंध नाही.

पहिल्या भागातला तक्ता एक सांगत होता आणि मताचं पान दुसरं. दोन्ही एकाच संचात, एकाच टाचणीत.

सैन्यातल्या डॉक्टरांसाठी पेन्शनच्या बाबतीत जे मार्गदर्शक नियम आहेत, त्यांच्या २००८ च्या आवृत्तीत परिच्छेद ४३ रक्तदाबाविषयी आहे. फिल्ड, अति उंच प्रदेश किंवा बंडखोरीविरोधी कारवाईच्या भागात सेवा करताना रक्तदाब झाला तर तो सेवेमुळे वाढला असं मानावं, असं त्यात आहे. फिल्डमध्ये दीर्घ आणि वारंवार सेवा केल्यावर काही जणांत हा आजार नंतर दिसतो, हेही तिथे म्हटलं आहे. माणूस काश्मीरमधून खाली आला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा नीट तपासणी झाली. रक्तदाब त्या तीन महिन्यांतच जन्माला आला, असं धरण्याला आधार काय? बोर्डानं आधार दिला नव्हता.

याशिवाय धरमवीर सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २ जुलै २०१३ चा निकाल होता. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असं धरायचं, आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर नाही, आणि बोर्डानं कारणं द्यायला हवीत, हे त्यात स्पष्ट आहे. भरतीच्या कागदावर हवालदार साहेब पूर्ण तंदुरुस्त होते.

इथे एक खबरदारी सांगायला हवी. दिव्यांगत्वाच्या दाव्यांचे नवे नियम २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाले आहेत. हे प्रकरण त्याआधी निवृत्त झालेल्या जवानाचं आहे. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी वरचा परिच्छेद ४३ जसाच्या तसा उचलून अपिलात घालू नये. आपल्या निवृत्तीच्या तारखेला कोणते नियम लागू होते, हे आधी पाहावं.

गुडघ्याचं काय करायचं

हवालदार साहेबांचा जीव रक्तदाबापेक्षा गुडघ्यात जास्त होता. रक्तदाब दिसत नाही, गुडघा रोज जिना चढताना दुखतो. युनिटच्या व्हॉलीबॉल सामन्यात तो मोडला होता. युनिटनं भरवलेला खेळ ड्यूटीतच धरला जातो, त्यामुळे दाव्यात दम होता. पण त्या वेळचा इन्ज्युरी रिपोर्ट सापडत नव्हता. जुन्या युनिटला लिहायचं, ते युनिट आता दुसऱ्याच ठिकाणी, त्यांच्याकडून उत्तर येणार, मग ते अपिलाला जोडायचं. किमान चार महिने.

वकील ताईंनी हिशोब मांडला. १०० टक्के दिव्यांगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो, त्याखाली त्याच प्रमाणात. समजा हिशोबाचा पगार ५०,००० रुपये. मग ३० टक्के दिव्यांगत्वाला महिन्याला ४,५०० रुपये, वर महागाई भत्ता. पण टक्के वरच्या टप्प्यात नेण्याची पद्धत आहे: ५० च्या खाली असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५, त्याच्या वर १००. सर्वोच्च न्यायालयानं १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार प्रकरणात मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ मान्य केला. म्हणजे ३० चे ५० होतात आणि ४,५०० चे ७,५००.

आता त्यात गुडघा मिळवला तर एकत्रित टक्के ४० च्या आसपास जातात. ४० चेही ५० च होतात. गुडघ्यासाठी चार महिने थांबून हातात एक रुपयाही जास्त येणार नव्हता.

हे ऐकून हवालदार साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पैशाचं ठीक आहे साहेब, पण तो गुडघा फौजेतच गेला, हे कुठं लिहून येईन?” त्यांच्या म्हणण्याला वजन होतं. पुढे गुडघा बिघडून टक्के वाढले आणि एकत्रित आकडा ५० वर गेला, तर ७५ चा टप्पा मिळू शकतो, आणि तेव्हा इजेचा संबंध आधीच मान्य झालेला असणं फायद्याचं. तरीही आम्ही गुडघा या अपिलात घेतला नाही. इन्ज्युरी रिपोर्ट मिळवण्यासाठी वेगळं पत्र त्याच आठवड्यात टाकलं आणि ते काम आपल्या गतीनं चालू दिलं. त्यांचा होकार घेऊनच हे केलं, पण मनापासून पटायला त्यांना वेळ लागला.

कृती

अपील दीड पानाचं झालं. पहिल्या परिच्छेदात उशिराचं कारण आणि भावाचं साधं निवेदन. दुसऱ्यात पोस्टिंगच्या तक्त्यातल्या दोन ओळी आणि आजाराची तारीख. तिसऱ्यात परिच्छेद ४३ आणि धरमवीर सिंग निकाल. शेवटी मागणी. सोबत प्रत्येक कागदावर क्रमांक, आणि अपिलाच्या मजकुरात त्या क्रमांकाचा उल्लेख. जाड अपील पाठवलं म्हणजे ते लवकर वाचलं जातं असं नाही. वाचणाऱ्याला दोन ओळी शेजारी-शेजारी दिसल्या पाहिजेत. एक प्रत माहितीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला दिली. पोचपावती तारखांच्या कागदाला टाचली.

त्याच आठवड्यात दुसरं काम सुरू केलं, आणि पूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त वेळ यानंच वाचवला असं माझं मत आहे. ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन व्यवस्थेत त्यांचा पत्ता अजून गावचाच होता, मोबाइल नंबर बंद पडलेला. नावही जुळत नव्हतं. फौजेच्या नोंदीत नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव. वहिनींचं आणखी वेगळं. लग्नात आपल्याकडे मुलीचं नाव बदलतात. फौजेच्या नोंदीत माहेरचं नाव लागलेलं, आधार आणि बँकेत सासरचं. अशा प्रकरणांत आदेश निघतो, प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओही निघतो, आणि हयातीचा दाखला किंवा ओळख जुळत नाही म्हणून रक्कम अडते. निकालाची वाट पाहत बसण्याच्या काळात शपथपत्र, विवाहाचा पुरावा, रेकॉर्ड ऑफिसला नावदुरुस्तीचं पत्र, हे सगळं उरकून घेतलं. बारा तासांच्या शिफ्टमुळे हवालदार साहेबांना सुट्टी मिळत नव्हती, म्हणून बहुतेक फेऱ्या वहिनींनी केल्या.

अपिलावर सहा महिने काहीच आलं नाही.

आता थांबायचं की पुढे जायचं? हवालदार साहेबांना थांबायचं होतं. फौजेवर केस करायची हे त्यांच्या जिवावर आलं होतं. “ज्या घरचं मीठ खाल्लं,” असं म्हणून ते थांबायचे. सुभेदार साहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं, की न्यायाधिकरण हे संसदेनं फौजेच्या माणसांसाठीच बनवलेलं आहे, तिथल्या खंडपीठावर न्यायिक सदस्यासोबत प्रशासकीय सदस्यही बसतात, आणि तिथे जाणं म्हणजे गद्दारी नव्हे. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी २०१५ मध्ये सेवा आणि पेन्शनच्या प्रकरणांत कोर्टकज्जे कमी व्हावेत म्हणून तज्ज्ञांची समिती नेमली होती. जवानानं कोर्टात जावं लागणं हीच व्यवस्थेची अडचण आहे, हे वरच्या पातळीवरही मान्य होतं. हे ऐकल्यावर ते तयार झाले.

महाराष्ट्रासाठी न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे. नागपूरहून आठशे किलोमीटर, विदर्भ एक्स्प्रेसनं रात्रभराचा प्रवास. वकील ठरवताना एकच अट ठेवली: ठरलेली फी, थकबाकीत वाटा नाही, आणि प्रत्येक तारखेला काय झालं ते मोबाइलवर कळवायचं. अपिलाच्या सहा महिन्यांत अर्जाचा मसुदा तयार होताच, त्यामुळे मुदत संपल्यावर तो लगेच दाखल करता आला. निवृत्तीला तीन वर्षं व्हायला अजून काही महिने बाकी होते. मागणीत दोन्ही गोष्टी एकत्र होत्या: सेवेशी संबंध मान्य करावा आणि ३० चे ५० टक्के करावेत. दुसरी मागणी वेगळी ठेवली असती तर तिच्यासाठी पुन्हा एक फेरी झाली असती.

निकाल

सुनावण्यांना वर्षाहून जास्त काळ लागला. त्यावर आमचं काही नियंत्रण नव्हतं. शेवटी न्यायाधिकरणानं पोस्टिंगचा तक्ता आणि बोर्डाचं मत यातली विसंगती नोंदवली, आजार सेवेमुळे वाढला असं मानलं आणि ३० चे ५० टक्के आयुष्यभरासाठी मंजूर केले. अर्ज तीन वर्षांच्या आत असल्यानं थकबाकी निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासूनची मिळाली. आदेशात अंमलबजावणीची मुदत होती आणि ती चुकली तर व्याज. सरकारनं आदेशाला वर आव्हान दिलं नाही. काही प्रकरणांत दिलं जातं आणि मग आणखी वर्षं जातात.

सुधारित पीपीओ निघाल्यावर रक्कम पुढच्याच पेन्शनबरोबर आली. नावं जुळलेली होती, हयातीचा दाखला लागलेला होता. साधारण त्याच सुमाराला आदेश झालेल्या दुसऱ्या एका जवानाची रक्कम केवळ आधारवरच्या नावामुळे कितीतरी महिने अडून राहिली, हे आम्ही जवळून पाहिलं. हवालदार साहेबांनी वाडीचं भाड्याचं घर सोडलेलं नाही, बारा तासांची शिफ्ट मात्र सोडली. आता ते आठ तासांच्या ठिकाणी जातात.

काय वेगळं करता आलं असतं

टाळता येण्यासारखा सर्वांत मोठा काळ, दीड वर्ष, नकाराचं पत्र गावच्या घरी पडून राहण्यात गेला. निवृत्तीच्या वेळी पत्ता ‘मु. पो.’ गावचा लिहायची रीत आहे, आणि बहुतेक जवान निवृत्तीनंतर शहरात राहतात. युनिट सोडण्याआधीच खरा पत्ता आणि चालू मोबाइल नोंदवला असता तर वेळेत अपील झालं असतं.

बोर्डाची प्रत. बोर्ड झालं त्या आठवड्यात ती मागून घेतली असती तर माहिती अधिकाराचे तीन महिने वाचले असते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पोस्टिंगचा तक्ता बहुतेकदा क्लार्क भरतो आणि जवान सही करतो. यांच्या सुदैवानं ‘एफ’ बरोबर लिहिलेलं होतं. ते अक्षर चुकलं असतं, तर आमच्या हातात काहीच उरलं नसतं.

अपील लगेच टाकायचं की कागद येईपर्यंत थांबायचं, या वादात मला आता वकील ताईंचं मत जास्त पटतं. ‘बोर्डाची कागदपत्रं मागवली आहेत, ती मिळाल्यावर सविस्तर मुद्दे सादर करण्याची मुभा असावी’ असं एक वाक्य घालून छोटं अपील आधी गेलं असतं, तर सहा महिन्यांची मोजणी तीन महिने आधी सुरू झाली असती. सुभेदार साहेबांना हे अजूनही मान्य नाही. ते म्हणतात, मुदतीच्या बाहेरचं अपील आधीच कमजोर असतं, ते रिकाम्या हातानं पाठवू नये. मुदतीच्या आत असलेल्या प्रकरणात मात्र ते आता छोट्या अपिलाला होकार देतात.

वकिलाच्या फीचा भार हवालदार साहेबांनी स्वतः उचलला. आज हे प्रकरण आलं असतं तर आम्ही आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारलं असतं, कारण २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आणि सैनिक मंडळांच्या कार्यालयांत कायदेशीर मदतीचे कक्ष उघडायला घेतले आहेत.

गुडघ्याचा इन्ज्युरी रिपोर्ट शेवटी जुन्या युनिटकडून आला, न्यायाधिकरणाच्या सुनावण्या चालू असताना. तो हवालदार साहेबांच्या फायलीत लावून ठेवला आहे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला आहे. शस्त्रक्रियेनंतर टक्के वाढले असं दिसलं तर पुनर्तपासणीचा अर्ज करायचा, असं ठरलं आहे.